चादरीचं दुसरं टोक

अॅडलेडपासून दूर, समुद्रकाठच्या पोर्ट लिडल गावात नवं पुस्तक चांगलं की वाईट हे वाल्डा नॉस्के ठरवत असे. हा अधिकार तिला कुणी दिला नव्हता, त्यामुळे तो काढून घ्यायची सोयही कुणाकडे नव्हती. गावाची लायब्ररी शाळेतच आहे. एका दारानं पोरं येतात, दुसऱ्या दारानं म्हातारी माणसं. महिन्यातल्या पहिल्या बुधवारी लायब्ररीवाली कोरीन मोठ्या भांड्यात चहाचं पाणी उकळायला ठेवी, बायका घरून स्कोन नावाचे छोटे पाव आणि जॅम आणत, कालवं काढणारे ऑयस्टरवाले आणि गव्हाचे शेतकरी ‘आम्ही आपले बायकोला सोडायला आलो’ असं सांगत पुढच्या खुर्च्या अडवून बसत. मग वाल्डा चष्मा कपाळावर सरकवून महिन्याभरात वाचलेल्या नव्या पुस्तकांचा निकाल लावी.

निकाल म्हणजे निकालच, त्यावर अपील नाही. एका बक्षीस मिळालेल्या कादंबरीकारानं संवादांना अवतरणचिन्हंच दिली नव्हती. वाल्डा म्हणाली, हा माणूस पाहुण्यांना जेवायला बोलावून काटे-चमचे लपवून ठेवत असणार. एका जाडजूड रहस्यकथेतली पोलीस बाई सकाळपासून वाइन पीत होती. वाल्डाचं मत पडलं की खुनी सापडेल तेव्हा सापडेल, आधी हिला घरी पोचवा. शहरातली नोकरी सोडून खेड्यात कोंबड्या पाळायला गेलेल्या एका बाईनं आत्मकथन लिहिलं होतं आणि कोंबड्यांनी तिला जगण्याचा अर्थ शिकवला होता. ‘कोंबड्यांनी स्वतः लिहिलं असतं तर थोडक्यात आटपलं असतं,’ एवढंच वाल्डा बोलली. पण एकदा, वडिलांच्या शेवटच्या आजारपणावर एका तरुण मुलानं लिहिलेलं लहानसं पुस्तक तिनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेऊन उघडून बघितलं. मग म्हणाली, हे वाचा, आणि घरात कुणी नसताना वाचा. त्या पुस्तकाला नंतर वर्षभर फळीवर टेकायला मिळालं नाही.

ही विद्या तिनं सायलोवर, म्हणजे गावाच्या धान्यकोठारावर, कमावली होती. हंगामात गव्हाचे ट्रक रांगेनं यायचे आणि वाल्डा वरच्या फळीवर उभी राहून लांब पोकळ नळी त्या गव्हात खुपसायची, पुढे, मधोमध आणि अगदी मागे. नळीत आलेले दाणे तळव्यावर घेऊन ती दर्जा सांगायची. वर सोन्यासारखा गहू पसरून खाली भिजलेला माल दडवणारे महाभाग तेव्हाही होतेच, पण वाल्डापुढे त्यांची डाळ शिजत नसे. शितावरून भाताची परीक्षा हे इतर लोक म्हणतात, वाल्डाचं त्यावर पोट चालत होतं. पुस्तकांबद्दल बोलतानाही तिच्या तोंडी सायलोचीच भाषा यायची. हा माल ओला आहे. याच्यात कोंडा फार. याच्यात दाण्याला दाणा आहे. तिच्या नवऱ्यानं, क्लॅरीनं, जन्मभर भरती-ओहोटीच्या तक्त्याखेरीज काहीही वाचलं नाही आणि दोघांचं उत्तम जमलं.

ग्लेनिस पास्को ही शेजारीण. वाल्डाचं वाचून झालं की पुस्तक कुंपणावरून ग्लेनिसकडे जाई. कुंपणाची एक फळी फार वर्षांपूर्वी तुटली होती आणि तिथे दोन कप ठेवता येतात हे लक्षात आल्यावर ती दुरुस्त करायचं दोघींनीही टाळलं. ग्लेनिस पुस्तक वाचून त्या फटीशी येई आणि वाल्डाचं मत कसं साफ चुकलं ते सांगायला लागे. वाल्डा पूर्व म्हणाली की ग्लेनिस पश्चिम. कोंबड्यांची बाई ग्लेनिसला प्रामाणिक वाटली होती. वाइनवाल्या पोलीस बाईची तिला दया आली होती. कप गार होईपर्यंत दोघी तावातावानं भांडत आणि मग आपापल्या घरी समाधानानं जेवायला जात.

पुस्तकं सोडून दोघी फारसं काही बोलत नसत. गावाकडच्या या बायका मनातलं कुंपणावर वाळत घालत नाहीत. क्लॅरी गेला तेव्हा सगळं गाव ताटं झाकून घेऊन आलं, गोड बोललं, वाल्डाचे हात हातात घेऊन गेलं. ग्लेनिस सगळ्यात शेवटी आली. तिनं टेबलावर मांस-बटाटा भरून भाजलेल्या पेस्टींचा डबा ठेवला, त्यावर एक कादंबरी ठेवली आणि म्हणाली, यातला नवरा मरत नाही, मी शेवटपर्यंत बघून आणलंय. वाल्डाला त्या दिवसात जे काही ऐकायला मिळालं त्यात तेवढं एकच वाक्य तिच्या कामाचं होतं.

आणि मग वाल्डाच्या डोळ्यांनी दगा दिला.

आधी ओळींना बाक यायला लागला. मग पानाच्या मधोमध, जिथे बघावं नेमकं तिथेच, एक राखाडी डाग येऊन बसला. डोळा हलवावा तर डागही हले. पोर्ट लिंकनच्या डॉक्टरनं नीट समजावून सांगितलं की कडेचं दिसत राहील, मधलं गेलेलं परत येणार नाही. वाल्डानं मान हलवली, बसनं घरी आली आणि कुणालाही काही सांगितलं नाही. मुलाला फोनवर सांगितलं नाही, कोरीनला सांगितलं नाही, आणि ग्लेनिसला तर अजिबात सांगितलं नाही. लायब्ररीत ऐकायची पुस्तकंही होती, पण ती मागायची म्हणजे गावात दवंडीच पिटायची.

लोकांच्या दयेला ती भीत नव्हती. दया करणाऱ्याला तोंडावर चार शब्द सुनावून वाटेला लावायला वाल्डा समर्थ होती. भीती होती ती कुंपणाच्या त्या फटीची. आपण वाचणं सोडलं तर ग्लेनिस तिथे कशाला येईल? तिला भांडायला कुणीतरी वाचणारं लागतं. दोघींमध्ये पुस्तकाखेरीज दुसरं आहे काय, असं वाल्डा स्वतःलाच विचारी आणि तिला उत्तर सापडत नसे.

म्हणून तिनं सायलोची युक्ती काढली. सकाळचं ऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत आलं की ती मोठं भिंग घेऊन बसायची आणि मान तिरकी करून, डागाच्या कडेकडेनं, एकेक शब्द गोळा करायची. पुढचं पान, मधलं पान, शेवटाजवळचं पान. एवढ्यात डोळ्यांतून पाणी वाहायला लागे. उरलेलं ती मनानं भरून काढायची. इतकी वर्षं इतकी पुस्तकं पोटात गेल्यावर कोण कुणाला सोडून जाणार आणि कोण मरणार याचा अंदाज चुकत नाही. बुधवारी तिचा निकाल पूर्वीसारखाच कडक असायचा. कुणाला काही कळलं नाही. ग्लेनिस पूर्वीसारखीच उलटं बोलत राहिली, जरा कमी उत्साहानं, पण वाल्डाला वाटलं की वय झालं, दुसरं काय.

त्या पावसाळी थंडीत एका नव्या लेखिकेची कादंबरी आली. दोन बहिणी, फ्रान आणि लोटी. समुद्राकाठी त्यांच्या बापाचा, सुट्टीला आलेले लोक उतरतात तसला, कॅराव्हॅन पार्क असतो. लोटी थोरलीशी भांडून घर सोडते, फ्रान तिथेच राहून लोकांच्या चादरी धूत म्हातारी होते. वाल्डानं नळी खुपसावी तसं पुस्तक तीन ठिकाणी उघडलं. पहिल्याच पानावर तिचा जीव त्या घरात गुंतला. मधल्या पानावर फ्रान फोनकडे बघत बसलेली होती आणि फोन वाजत नव्हता. शेवटाजवळच्या पानावर दोघी बहिणी कपडे वाळत घालायच्या दोरीखाली उभ्या होत्या. लोटी काहीतरी बोलू बघत होती आणि फ्राननं तिच्याकडे न बघताच म्हटलं होतं, बडबड नंतर, आधी चादरीचं दुसरं टोक धर.

ते वाक्य कडेकडेनं वाचून पुरं केल्यावर वाल्डानं भिंग खाली ठेवलं. 

बुधवारी ती त्या कादंबरीवर बोलली तशी कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. तिनं सांगितलं की ही पोरगी मोठी लेखिका होणार. दुसरी कुणी असती तर बहिणींना गळ्यात गळे घालून रडवलं असतं, पण हिनं त्यांच्या हातात ओली चादर दिली. इतक्या वर्षांनी धाकटी परत येते आणि थोरली तिला माफ केलं असंही म्हणत नाही, फक्त काम सांगते. ‘घरातल्या माणसालाच काम सांगतात,’ वाल्डा म्हणाली, ‘पाहुण्याला कुणी चादर धरायला सांगत नाही.’ पुढच्या खुर्चीत बसलेल्या मर्व्ह क्लाइनिगनं, जो नुसता बायकोला सोडायला आला होता, खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं. ग्लेनिसनं पुस्तक पिशवीत टाकलं आणि घरी नेलं.

त्यानंतर ग्लेनिस कुंपणाशी आलीच नाही.

पहिले एक-दोन दिवस वाल्डानं मनावर घेतलं नाही. मग ती कप घेऊन फटीशी उभी राहायला लागली. पलीकडे ग्लेनिसच्या घरात रेडिओ वाजत होता, मागचं दार उघडत होतं, बंद होत होतं. एकदा तर ग्लेनिसची आकृती कपडे वाळत घालून सरळ आत निघून गेली. वाल्डानं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. काय म्हणून हाक मारणार? पुस्तक कसं वाटलं, एवढाच प्रश्न त्यांच्यात होता, आणि त्याच प्रश्नाची आता तिला धास्ती होती. रात्री तिला जेवण गेलं नाही. आपल्या हातून काहीतरी चुकलंय हे कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

शनिवारी दुपारी ग्लेनिस पुढच्या दारानं आली. इतक्या वर्षांत ती पुढच्या दारानं फक्त क्लॅरी गेला तेव्हा आली होती. तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि वाल्डाच्या समोर बसली.

“शेवट परत सांग,” ती म्हणाली.

वाल्डानं सांगितला. दोरी, चादर, दुसरं टोक.

“हे कुठल्या पानावर आहे?”

“शेवटच्या. शेवट आणखी कुठे असतो?”

“ते सुरुवातीलाही आहे, वाल्डा. दोघी शाळकरी पोरी असतात ना, तिथे. शब्दाला शब्द तोच.” ग्लेनिसनं पुस्तकावर बोट आपटलं. “बांधणाऱ्यानं घोळ घातलाय. शेवटच्या पानांच्या जागी आधीचीच पानं पुन्हा शिवून ठेवलीत. लोटी पोरगी असतानाचा तो प्रसंग आहे. ती परत आली का नाही, आली तर काय झालं, काही कळत नाही. या प्रतीला शेवटच नाही.”

 जन्मभर ट्रकवाल्यांची लबाडी पकडणारी ती, आणि तिची नळी नेमकी दुसऱ्यांदा भरलेल्या मालात गेली होती. वाल्डानं चाचपडत काहीतरी जुळवायचा प्रयत्न केला, म्हणाली की आपण घाईत वाचलं असेल, पानं मागेपुढे झाली असतील, या वयात असं होतं.

“ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस,” ग्लेनिस म्हणाली. “जिनं अख्खं पुस्तक वाचलं तिला तो प्रसंग परत आलेला कळला असता. तू वाचलं नाहीस. आधीच्या महिन्यातलंही वाचलं नव्हतंस, मला तेव्हाच शंका आली होती. आता खरं सांग. तुला या सगळ्याचा कंटाळा आलाय का? बुधवारचा, कुंपणाचा, माझा?”

वाल्डाला हे अपेक्षित नव्हतं. ती खिडकीकडे वळली, पुन्हा ग्लेनिसकडे वळली.

“मला दिसत नाही, ग्लेनिस.”

“काय दिसत नाही?”

“मधलं. मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं.” बोलायला लागल्यावर तिला थांबता येईना. तिनं बाक आलेल्या ओळी सांगितल्या, पोर्ट लिंकनचा डॉक्टर सांगितला, भिंग सांगितलं, तीन पानांची युक्ती सांगितली. गेल्या गव्हाच्या हंगामापासून हे चाललं होतं.

“माझं तोंड दिसतंय तुला?”

“सरळ बघितलं तर नाही. म्हणून जरा बाजूला बघते. मग कान दिसतो, केस दिसतात, आणि तोंडाचा अंदाज येतो.”

 ग्लेनिसच्या घशातून एक विचित्र आवाज आला. ती हसते आहे की रडते आहे ते वाल्डाला कळेना, कारण ते कळायला तोंड दिसावं लागतं.

“इतके महिने तू माझ्या कानाशी बोलतेयस,” ग्लेनिस म्हणाली. “मी समोर असले की तुझी नजर सरकते. मला वाटलं, ही आता माझ्याकडे बघतही नाही. दोनदा जाऊन केस कापून आले. नवीन कानातलं घेतलं, म्हटलं, हिला कानच आवडतो तर निदान तिथे काहीतरी असू दे.”

वाल्डानं तोंडावर हात धरला, पण हसू आवरलं नाही, आणि हसता हसता रडूही आवरलं नाही. क्लॅरीच्या वेळेला दाबून ठेवलेलंही त्यात होतं बहुधा. रडं ओसरल्यावर तिनं मनात जे होतं ते सांगून टाकलं. म्हणाली, मला वाटलं वाचणं संपलं की तू कशाला येशील.

“अगं बाई, मला पुस्तकं आवडतात असं तुला कुणी सांगितलं?” ग्लेनिस म्हणाली. “मला बाग आवडते. मला टीव्हीवरचं क्रिकेट आवडतं. तुझ्याशी भांडायचं तर तयारी करून यायला नको का? तो बिनअवतरणाचा महाशय मी शेवटपर्यंत सोसला, त्या कोंबड्या सोसल्या, ते काय हौसेनं?”

पुढच्या महिन्याच्या बुधवारी वाल्डानं कपाळावर चष्मा न सरकवता उभं राहून सगळ्यांना सांगितलं. आपले डोळे गेलेत, त्या कादंबरीचा शेवट आपण चुकीचा सांगितला, आणि मधल्या काही महिन्यांतले निकालही अर्ध्या मालावर दिलेले होते.  लोकांनी स्कोन खायचं थांबवलं. या गावाला भावनेच्या प्रसंगी काय बोलावं ते सुचत नाही, तेव्हा सुचलं नाहीच. शेवटी मर्व्ह क्लाइनिग म्हणाला की मी तो शेवट ऐकून माझ्या भावाला फोन करायचं मनात आणलं होतं, आता करू की नको? आधी खरा शेवट येऊ दे, असं कुणीतरी म्हणालं. तू शेवट कसला बघतोस, फोन कर, असं त्याची बायको म्हणाली. कोरीननं सांगितलं की दुसरी प्रत अॅडलेडहून मागवली आहे, आणि वाल्डाला म्हणाली, “तुम्ही बोलायचं थांबवू नका, नाहीतर मला एकटीला हा चहा करावा लागेल.” पुस्तकं यापुढे कोण वाचणार, हा प्रश्न निघायच्या आतच ग्लेनिसनं हात वर केला होता.

नवी प्रत आली तशी ग्लेनिस रोज दुपारी वाल्डाच्या स्वयंपाकघरात यायला लागली. वाल्डानं बजावलं होतं की आता नमुना नको, अख्खा ट्रक रिकामा करायचा.

ग्लेनिस वाईट वाचायची. स्वल्पविराम दिसला की थांबायची, पूर्णविराम दिसला की पळायची. फ्रान, लोटी, त्यांचा बाप आणि पार्कातला कुत्रा सगळे एकाच आवाजात बोलत. लांब वाक्य आलं की ती मध्येच दम खाऊन ‘हे काय लिहायची पद्धत झाली’ असं म्हणे, आणि ते पुस्तकात आहे की ग्लेनिसचं, हे वाल्डाला विचारून घ्यावं लागे. बाप मरतो त्या पानावर तिनं वाचणं थांबवून चहा केला. पण पानामागून पान सरकत होतं, एकही न गाळता. दुपारभर वाल्डा डोळे मिटून बसायची आणि तो पार्क तिच्या मनात उभा राहायचा, दोऱ्यांसकट, वाऱ्यानं फडफडणाऱ्या चादरींसकट. रात्री अंथरुणावर पडली की तिला फ्रानची काळजी वाटायची. हे असं वाटणं किती दिवसांनी परत आलं, या विचारानं तिला एकदा एकटीलाच बरं वाटलं.

शेवटच्या दुपारी उत्तरेचा वारा सुटला होता आणि खिडकीची काच थरथरत होती. लोटी इतक्या वर्षांनी गाडी घेऊन निघाली होती. रस्ता, पेट्रोल पंप, समुद्राचा वास. ग्लेनिस नेहमीसारखी अडखळत वाचत होती. मग ती थांबली. बरीच थांबली. पाणी प्याली. कागद सळसळले, एकदा नाही, बऱ्याच वेळा, आणि तिनं पुन्हा वाचायला सुरुवात केली. लोटी दोरीपाशी आली. काहीतरी बोलू लागली. फ्रान तिच्याकडे न बघता म्हणाली, बडबड नंतर, आधी चादरीचं दुसरं टोक धर. ग्लेनिसनं ते इतकं सुंदर वाचलं की एकही शब्द अडला नाही.

वाल्डानं डोळे उघडले.

“कुठलं पान वाचतेयस?”

“शेवटचं.”

“शेवटचं पान, आणि तू कुठेही ठेचकाळली नाहीस?”

ग्लेनिसनं पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

“तू मागे गेलीस. मला पानं ऐकू आली.”

“तुझाच शेवट चांगला आहे,” ग्लेनिस म्हणाली. “मी हा दुसरा कालच वाचून ठेवला. तुला तो ऐकवायची माझी इच्छा नाही. काय बिघडलं? कुणाचं काही जात नाही.”

“माझं जातं,” वाल्डा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “माझ्या डोळ्यांनी एकदा मला फसवलं, तेवढं पुरे. आता माझे डोळे तूच आहेस, ग्लेनिस. तू फसवायला लागलीस तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? जे लिहिलंय ते वाच.”

ग्लेनिसनं पानं पुढे उलटली. मग तिनं खरा शेवट वाचला, तिच्या त्या सपाट, ठेचकाळत्या आवाजात. लोटी पार्काच्या फाटकाशी गाडी थांबवते. पाटी बदललेली असते. दोऱ्या नसतात, त्या जागी नवी घरं असतात. एक अनोळखी बाई झाडांना पाणी घालत असते. ती पाइप बाजूला करून विचारते, कुणी हवंय का? लोटी त्या घरांकडे बघते. नाही, ती म्हणते, मी रस्ता चुकले. आणि गाडी वळवते.

एवढंच होतं. ग्लेनिसनं पुस्तक मिटलं.

 वाल्डाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

“बरोबर आहे तिचं,” शेवटी ती म्हणाली. “सांगायला उशीर केला की असंच होतं. दारात दुसरंच कुणी उभं असतं. तू त्या दिवसांत कुंपणाशी आली नाहीस ना, तेव्हा मला तसंच झालं होतं. मला वाटलं, आता मी हाक मारली तर तू म्हणशील, कुणी हवंय का.”

 ग्लेनिसनं उठून चहाची किटली चढवली, उगीच कप इकडचे तिकडे केले. मग ती परत आली. वाल्डाच्या समोर ठेवलेली आपली खुर्ची तिनं उचलली आणि टेबलाला वळसा घालून वाल्डाच्या बाजूला, जिथून वाल्डाला दिसायचं त्या कडेला, आणून ठेवली आणि तिच्यात बसली. वाल्डानं मान वळवली नाही. तशी गरजच नव्हती. जरा धूसर होता, पण कान, केस, लाल झालेलं नाक आणि थरथरणारी हनुवटी असा ग्लेनिसचा सबंध चेहरा तिच्या नजरेच्या काठावर आला होता.

“बरोबर कसलं डोंबलाचं,” ग्लेनिस म्हणाली. “ती लेखिका साफ चुकलीय.”

वाल्डानं तो चेहरा पुरता बघून घेतला, आणि मग ती भांडायला बसली.